आज किती चेंडू टाकलेस?

वेगवान गोलंदाजी पाहायला कोणाला आवडत नाही? पण होतकरू पोरगा गोलंदाजी करत असेल तर आपण नेमके काय पाहायचे, याबद्दल आज थोडे बोलतो.

पिंपरी-चिंचवडकरांना असा खेळ पाहायला आता लांब जावे लागत नाही. द्रुतगती मार्गालगत गहुंजेचे मैदान आहे. तिथे जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. भाच्याला घेऊन मी तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरची गोलंदाजी पाहायला गेलो होतो. २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघात तो होता. आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात, ३१ मार्च २०२३ ला, त्याने गुजरातचे ३ गडी बाद केले होते. तो धावत निघाला की आमच्या आजूबाजूचे लोक ओरडत, “अजून जोरात!”

हा जोर येतो कुठून? चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगावर येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कमरेच्या मणक्यात बहुधा डाव्या बाजूला बारीक तडा जातो, तो यामुळे. विशीच्या आत हे हाड पुरते पक्के झालेले नसते. जसप्रीत बुमरासारख्या कसलेल्या गोलंदाजालाही २०१९ मध्ये असा तडा गेला होता.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तिथे पाठीपेक्षा कोपर आधी जाते. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात नवा स्नायुबंध बसवला, ती शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे ती कोवळ्या पोरांवरही करावी लागू लागली. म्हणून २०१४ मध्ये तिथे वयानुसार मर्यादा सुचवल्या गेल्या. १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू फेकावेत, आणि फेकले त्या हिशेबाने पुढचे दिवस विश्रांती घ्यावी.

माझा भाचा चाकणला प्रेस शॉपमध्ये काम करतो. हे ऐकून तो म्हणाला, “मामू, आमच्याकडे डायचे स्ट्रोक मोजतात. ठरलेला आकडा झाला की डाय उतरवून तपासायची. तुटायची वाट कोण बघतं?”

लोखंडाला जे कळते ते पोराच्या पाठीला लावायचे, एवढेच. आपल्याकडे वेग असलेला मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, शिवाय अकादमीत नेटमध्ये टाकतो. प्रत्येक जण आपापली षटके मोजतो. बेरीज कोणीच करत नाही. ती आई-बापांनी घरी वहीत करावी. सरावाचे चेंडूही त्यात धरावेत. सुट्टीनंतर एकदम दुप्पट गोलंदाजी नको. कमरेच्या एका बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर मलम चोळून मैदानात पाठवू नये. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळीच सापडला तर बहुतेकदा काही महिन्यांच्या विश्रांतीने भरून येतो.

आणि आपण प्रेक्षकांनी? टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण कर्णधाराने दमलेल्या पोराच्या हातून चेंडू काढून घेतला, तर त्यालाही एक टाळी द्यावी.