अणूच्या आत : लेखांक ७
दाटी कुठे, मोजदाद कुठे

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त कुठे? एक पुस्तक सांगतं, अगदी केंद्रकाच्या जागी. दुसरं सांगतं, केंद्रकापासून ०.५३ अँगस्ट्रॉम अंतरावर. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) विद्यार्थी गोंधळतो आणि परीक्षेपुरतं दुसरं उत्तर पाठ करून मोकळा होतो. खरं तर दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत.

गेल्या आठवड्यात आपण श्रोडिंगरच्या १९२६ सालच्या समीकरणापाशी थांबलो होतो. ते सोडवलं की तरंगफलन हाती येतं, पण ते फलन सांगतं काय? श्रोडिंगरला आधी वाटलं, इलेक्ट्रॉनचा विद्युतभारच तसा पसरलेला असावा. त्याच वर्षी मॅक्स बॉर्नने वेगळा अर्थ लावला : तरंगफलनावरून इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, ते कळतं. गंमत अशी, की ही शक्यता फलनाच्या वर्गावरून काढायची, हा कळीचा मुद्दा त्याच्या निबंधात आहे तो तळटीपेत, मुद्रितं तपासताना घातलेला! या अन्वयार्थासाठी त्याला नोबेल मिळालं ते १९५४ मध्ये.

हा वर्ग म्हणजे संभाव्यता नव्हे, संभाव्यता-घनता. ही बाब पुस्तकं एका ओळीत उरकतात आणि घोळ तिथेच होतो. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या ऊर्जास्थितीत केंद्रकाच्या जागी या घनतेची किंमत दर घन अँगस्ट्रॉमला सुमारे २.१५ येते. संभाव्यता कधी एकाहून जास्त असते का? नसते. म्हणजे २.१५ ही संभाव्यता असूच शकत नाही. तिला आकारमानाने गुणल्यावरच संभाव्यता मिळते, आणि बिंदूला आकारमान नसतं. नेमक्या एका बिंदूवर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्यच, मग तो बिंदू केंद्रकाचा मध्य का असेना.

जत्रेत सर्वांत दाट गर्दी देवळाच्या दाराशी असते. पण दहा पावलांवरच्या रिंगणात किती माणसं आणि शंभर पावलांवरच्या तेवढ्याच रुंदीच्या रिंगणात किती, हे मोजायला बसलात तर दाटी विरळ असूनही दुसरा आकडा मोठा निघू शकतो. रिंगणच मोठं असतं. फार लांब गेलं की मात्र माणसं इतकी तुरळक होतात, की रिंगणाचा मोठेपणा कामी येत नाही. अणूत रिंगणांऐवजी पोकळ गोलांचे थर घ्यायचे, एवढाच फरक.

आता आकडेच घेऊ. थराची जाडी धरू अँगस्ट्रॉमचा शंभरावा भाग. असा एक थर ०.०५३ अँगस्ट्रॉमवर, दुसरा ०.५३ वर. दुसऱ्या थराशी घनता पहिल्याच्या साधारण सहावा हिस्सा उरते. पण त्रिज्या दहापट म्हणून पृष्ठफळ शंभरपट. परिणाम : आतल्या थरात इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता ०.०६ टक्क्याच्या आसपास, बाहेरच्या थरात सुमारे एक टक्का. पृष्ठफळाची वाढ आणि घनतेची उतरण यांच्या ओढाताणीत शिखर येतं ते बरोबर ०.५३ अँगस्ट्रॉमवर. नील्स बोरने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनच्या कक्षेची जी त्रिज्या काढली होती, तीच ही.

म्हणून बोरची कक्षा परत आली असं कुणी समजू नये. त्या त्रिज्येच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता फक्त ३२ टक्के आहे. सरासरी अंतर बोर-त्रिज्येच्या दीडपट. आणि तिच्या दुपटीच्या पलीकडे, म्हणजे न्यूटनच्या यामिकीप्रमाणे एवढ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनने पाऊलच टाकू नये अशा प्रदेशात, तो सापडण्याची शक्यता २४ टक्के! पुस्तकातल्या ठिपक्यांच्या ढगाबद्दलही एक इशारा : ते ठिपके म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा प्रवास नव्हे. एकसारख्या अनेक अणूंवर एकेकदा मोजमाप केलं तर येणाऱ्या उत्तरांचं ते चित्र आहे.

मग केंद्रकापाशी घनता सर्वाधिक, या पहिल्या उत्तराला काही किंमत आहे की नाही? चांगलीच आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन या दोघांनाही चुंबकत्व असतं. त्यांची दिशा कशी जुळते त्यावर अणूची ऊर्जा किंचित बदलते. हा फरक केंद्रकाच्या जागच्या घनतेच्या प्रमाणात असतो, हे एन्रिको फर्मीने १९३० मध्ये दाखवलं. थरांचा हिशोब इथे चालत नाही. लागते ती बिंदूवरची घनताच. या फरकातून जी रेडिओलहर निघते तिची वारंवारता सुमारे १४२० मेगाहर्ट्झ, लांबी २१ सेंटिमीटर. आकाशगंगेतून येणारी ही लहर १९५१ मध्ये प्रथम टिपली गेली. आज नारायणगावजवळ खोडदला उभ्या असलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन याच लहरीवरून शोधतात.

पुढच्या लेखांकात इलेक्ट्रॉनला एक पायरी वर चढवू. तिथल्या एका स्थितीत बोर-त्रिज्येच्या दुपटीवर घनता चक्क शून्य होते, तरी इलेक्ट्रॉन त्या शून्याच्या आतही सापडतो आणि बाहेरही. तो मधून जातो कसा, हा प्रश्न मुळात विचारावा का, यावर तोवर विचार करून ठेवा.