शेजारणीकडची ठेव

पावसाळा लागला की झाडीपट्टीत, सडक अर्जुनीकडच्या एखाद्या सांदवाडीत काटवलाचा वेल आपोआप वर येतो. पेरायला कोणी गेलेलं नसतं. गेल्या वर्षीचा कंद मातीतच निजून असतो. वेल मांडवावर चढतो, पिवळी फुलं येतात, पण फळ एकही धरत नाही. दोष मातीचा नसतो. काटवलात नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, आणि घरचा वेल नर निघालेला असतो. उपाय एकच : जिच्या मांडवावर काटवल लागतात, तिच्याकडून एक कंद मागून आणायचा.

तोंडलीची गोष्ट याहून अजब. तिच्यातही नर-मादी वेगळे, म्हणून फळणाऱ्या वेलाची छाट लावूनच ती वाढवतात. एका वेलाच्या छाटा दहा घरी गेल्या, तर दहा मांडव भरतात; पण मुळात तो दहा ठिकाणी वाढणारा एकच वेल असतो.

बियांचं तसं नाही. वाल, बरबटी, टमाटे यांची फुलं बहुधा स्वतःच्याच परागानं फळतात. त्यांचं बी कोणाकडूनही आणा, वाण सहसा तोच उतरतो. दुधी आणि दोडक्याला मात्र किडे-पाखरं लागतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि पतंग त्यावर दुसऱ्या अंगणातला पराग आणून टाकतात. वाण शुद्ध हवा असेल तर जाणते लोक दुपारीच नर आणि मादी कळ्या दोऱ्यानं बांधतात, संध्याकाळी हातानं पराग लावतात आणि मादी फूल पुन्हा बांधून ठेवतात. दुधी कडू निघाला तर त्याचं बी ठेवायचं नाही, वाटायचं तर नाहीच. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि बियांतून पुढे जाऊ शकतो.

मिळालेलं बी टिकवणं हे पुढचं काम. वालाचे दाणे चांगले वाळवून चुलीच्या राखेत ठेवतात. राख ओल शोषते, दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि भुंग्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते. त्यामुळे तो सुकून मरतो. बीजशास्त्राचा ढोबळ नियमही हेच सांगतो : बियांतली ओल १ टक्क्यानं कमी केली की त्यांचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं.

तरीही घर गळतं, मडकं फुटतं, भुंगा लागतो. म्हणून खरी सुरक्षा दुसऱ्याच्या घरात असते. जगातली सर्वांत मोठी बियाणं-तिजोरीही याच हिशेबावर उभी आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात डोंगराच्या पोटात, उणे १८ अंश सेल्सिअसला, देशोदेशींच्या बियाणं-पेढ्यांचे जादा नमुने २००८ पासून ठेवले जातात. सीरियातल्या अलेप्पोजवळच्या ‘इकार्डा’ या संस्थेनंही आपल्या गहू, सातू, मसूर, हरभऱ्याचे नमुने तिथे ठेवले होते. युद्धामुळे मूळ पेढीपर्यंत पोचणं अशक्य झालं, तेव्हा २०१५ मध्ये संस्थेनं ते परत मागितले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले, आणि २०१७ मध्ये नवं बी पुन्हा स्वालबार्डला जमा केलं.

घेतलेलं बी वाढवून परत करायचं, हा व्यवहार महाराष्ट्रातही चालतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणं-पेढीतून बी नेणाऱ्यानं पुढे दुप्पट परत करायचं, अशी रीत आहे. झाडीपट्टीतलंच उदाहरण हवं तर नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांचं. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, दरवर्षी वेगळ्या पेरल्या. हातोहात पसरलेला तो धान पुढे घड्याळाच्या नावानं ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

कायदाही या देवघेवीच्या पाठीशी आहे. २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतं. मनाई आहे ती फक्त ब्रँडच्या नावानं विकण्याला.

मृग लागतो. कोणाच्या तरी राखेच्या डब्यात वालाचे नुसते पोखरलेले दाणे सापडतात. ती बाई वाटी घेऊन शेजारणीकडे जाते आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःच तिला दिलेल्या वालाचे मूठभर दाणे घेऊन परत येते.