निद्रानाश : झोप बोलावून का येत नाही?

१९३८ च्या जून महिन्यात शिकागो विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन हे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या विस्तीर्ण गुहेत राहावयास गेले. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही व तापमानही सहसा पालटत नाही. २४ तासांऐवजी २८ तासांचा दिवस मनुष्याच्या अंगवळणी पडतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. ३२ दिवसांनंतर ते बाहेर आले तेव्हा उत्तर दुहेरी मिळाले होते. रिचर्डसन नव्या दिवसाला सरावले. त्रेचाळिशीतील क्लाइटमन मात्र अखेरपर्यंत सरावले नाहीत. त्यांच्या शरीराचे तापमान जुन्या २४ तासांच्या तालावरच चढत-उतरत राहिले. निद्रेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या पुरुषालाही ती हुकमाने बोलावता आली नाही!

याचे कारण असे की, झोप दोन गोष्टींच्या अधीन आहे. पहिली म्हणजे शरीरातील घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू एकमेकांना छेदतात त्या स्थानाच्या किंचित वर, पेशींचा एक इवलासा पुंज असतो. हेच ते घड्याळ होय. दिवसाच्या उजेडाने ते रोज लावले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसीन नामक द्रव्य वाढत जाते व डोळे जड होऊ लागतात. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याची वाट अडविते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे ओसरण्यास सुमारे पाच तास लागतात. तेव्हा सायंकाळचा ‘फक्त अर्धा कप’ वाटतो तितका निरुपद्रवी नसतो.

परीक्षा, आजारपण, घरातील मृत्यू अशा प्रसंगी चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तर तो रोग नव्हे. निजण्यास पुरेसा अवसर असूनही आठवड्यातून निदान तीन रात्री, तीन महिने असेच चालले आणि दिवसाही त्याचा त्रास होऊ लागला, म्हणजे त्यास जीर्ण निद्रानाश म्हणतात. चार रात्रींचे तीन महिने होतात कसे? बहुधा उपायामुळेच. गेलेली झोप भरून काढावी म्हणून मनुष्य रात्री नऊलाच आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारीही डुलकी घेतो. परिणामी रात्रीसाठी ओढ साचतच नाही. शिवाय तासन्‌तास कूस पालटण्याने अंथरूण हे विश्रांतीचे नव्हे, तर काळजीचे ठिकाण होऊन बसते. ‘आज तरी लागेल का?’ ही धास्तीच मग त्यास जागे ठेविते.

रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली सुचविलेली रीत याच गाठीवर बोट ठेविते : पेंग आल्यावाचून अंथरुणावर जाऊ नये, झोप न लागल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसावे, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये आणखी पुढे जाऊन अंथरुणातील वेळच प्रारंभी कमी करून तो हळूहळू वाढविण्याचा उपचार मांडला. झोप न येणाऱ्यास कमी निजावयास सांगणे विक्षिप्त वाटेल, परंतु साचलेली ओढ येथे कामास येते. मात्र वाहन हाकणाऱ्यांनी किंवा अपस्माराच्या रोग्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ साली औषधी गोळ्यांच्या आधी अशाच उपचारांची शिफारस केली.

तरीही प्रत्येक जागरणाचे मूळ सवयीत नसते. झोपेत मोठ्याने घोरणे व मधूनच श्वास थांबणे, पायांत अनावर वळवळ होणे, अथवा दीर्घकाळ मन खिन्न राहणे, ही लक्षणे असल्यास प्रथम डॉक्टरांकडे जाणे अवश्य आहे.