यंत्राचा कित्ता

यंत्रास मन नाहीं, मग त्यास पक्षपात कोठला, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. माणूस ओळख पाहील, वशिला पाहील, मुलगी म्हणून नाक मुरडील. यंत्र मात्र आंकडेमोड करून जें खरें तेंच सांगेल, असें आपण गृहीत धरून चालतों. "कृत्रिम बुद्धिमत्ता" हें नांव मिळालेल्या यंत्रविद्येच्या बाबतींत ही समजूत टिकत नाहीं. आणि तें जगास पटवून देण्यांत विद्यार्थिदशेंतील दोन तरुण स्त्रियांचा मोठा वांटा आहे. त्यांनीं काय केलें व कसें केलें, तें आमच्या विद्यार्थ्यांस, विशेषतः विद्यार्थिनींस, समजावें म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम हें यंत्र शिकतें कसें तें पाहूं. पूर्वीच्या संगणकास प्रत्येक नियम माणसानें लिहून द्यावा लागे. या नव्या पद्धतींत नियम न देतां उदाहरणें देतात. हजारों छायाचित्रें पुढें ठेवून प्रत्येकाखालीं "हा पुरुष", "ही स्त्री" असें लिहिलेलें असतें; त्यांतील साम्य व भेद यंत्र आपल्या आपण हुडकून काढतें आणि नव्या चित्रास तोच न्याय लावतें. लहान मुलाचें अक्षर वळावें म्हणून आपण कित्ता देतों, तसाच हा प्रकार आहे. कित्त्यांतला "ळ" वांकडा असेल तर मुलाचाही वांकडाच निघणार. आणि कित्त्यांत एखादें अक्षर नसलेंच, तर तें मुलास येणार नाहीं. यंत्राचा कित्ता म्हणजे समाजाचें आजवरचें दप्तर. त्या दप्तरांत स्त्रियांस जी जागा मिळाली, तीच यंत्र त्यांस पुढेंही देऊं लागतें.

याचें एक ठळक उदाहरण अमेरिकेंत घडलें. ॲमेझॉन या बलाढ्य कंपनीनें २०१४ पासून नोकरीचे अर्ज पारखणारें यंत्र घडविण्यास आरंभ केला. कित्ता म्हणून त्यास मागील दहा वर्षांचे अर्ज दिले. या धंद्यांत पुरुषांचाच भरणा, म्हणून अर्जही बहुतेक पुरुषांचे. यंत्रानें त्यावरून एवढाच धडा घेतला कीं पुरुष उमेदवार बरा. अर्जांत "स्त्रियांच्या बुद्धिबळ मंडळाची प्रमुख" अशासारखे शब्द आले कीं तें गुण कमी करी; केवळ स्त्रियांसाठीं असलेल्या दोन महाविद्यालयांच्या पदवीधरांसही तें खालीं ढकली. कंपनीनें हें काम पुढें सोडून दिलें, आणि रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें ऑक्टोबर २०१८ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध केली. आपल्या माणसांनीं उमेदवारांची पारख करण्यासाठीं हें यंत्र कधींच वापरलें नाहीं, असें कंपनीचें म्हणणें पडलें. तें जसेंच्या तसें मान्य केलें तरी भीति उरतेच. माणसानें नाकारलें तर त्याला कारण तरी विचारतां येतें. यंत्रानें अर्ज बाजूस टाकला, तर आपण कां वगळलों गेलों हें त्या मुलीस कळणारही नाहीं.

आतां ज्या दोघींविषयीं सांगावयाचें त्यांजकडे वळूं. जॉय बुओलाम्विनी या घानावंशीय तरुणी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत शिकत होत्या. चेहरा टिपणारी एक तयार यंत्रणा घेऊन त्या कांहीं प्रयोग करीत असतां त्यांचा सांवळा चेहरा यंत्रास दिसेना. त्यांनीं एक पांढरा मुखवटा तोंडावर चढविला मात्र, यंत्रास लागलीच चेहरा सांपडला! दुसऱ्या कोणी संतापून एखादें पत्र लिहिलें असतें, आणि प्रकरण तेथेंच मिटलें असतें. बुओलाम्विनीबाईंनीं मोजमाप करावयाचें ठरविलें, आणि आमच्या मतें त्यांची खरी थोरवी येथेंच आहे.

चेहरे पारखणाऱ्या यंत्रांची परीक्षा ज्या चित्रसंग्रहांवर घेत, त्यांपैकीं दोन त्यांनीं तपासले. एकांत शेंकडा ७९.६ आणि दुसऱ्यांत शेंकडा ८६.२ चेहरे उजळ वर्णाचे निघाले. प्रश्नपत्रिकाच एकांगी, मग निकाल चांगला लागावयास काय हरकत? तेव्हां त्यांनीं स्वतःची प्रश्नपत्रिका काढली. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलंड, फिनलंड व स्वीडन या सहा देशांच्या लोकप्रतिनिधींचीं १,२७० छायाचित्रें जमविलीं. हीं चित्रें सर्वांस खुलीं, वर्ण दोन्ही प्रकारचे, आणि या विधिमंडळांत स्त्रियांची संख्याही भरपूर. टिमनित गेब्रू या संशोधिकेच्या सहकार्यानें हा निबंध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं बुओलाम्विनीबाईंची तिशीही उलटली नव्हती.

चित्रांतील व्यक्ति पुरुष कीं स्त्री, एवढाच प्रश्न तीन कंपन्यांच्या यंत्रांस घातला होता. एकंदर बरोबर उत्तरें मायक्रोसॉफ्टचीं शेंकडा ९३.७, फेस प्लस प्लसचीं ९०, आणि आय.बी.एम.चीं ८७.९. एखाद्या शाळेचा शालान्त परीक्षेचा निकाल असा लागला तर मुख्याध्यापक पेढे वाटतील. पण बाईंनीं हा निकाल चार वर्गांत फोडून पाहिला. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतींत तिघांपैकीं सर्वांत वाईट यंत्राची चूक शेंकडा ०.८, सांवळ्या स्त्रियांच्या बाबतींत सर्वांत वाईट यंत्राची चूक शेंकडा ३४.७! म्हणजे दर तिघींत एकीस यंत्र पुरुष म्हणत होतें. सरासरीच्या पदराआड हें सारें झांकून राहिलें होतें. ज्यांस गणित रुक्ष वाटतें, त्यांनीं या दोन आंकड्यांकडे पुन्हां एकदां पाहावें.

पुढच्याच वर्षीं, २०१९ सालीं, टोरोंटो विश्वविद्यापीठांत शिकणाऱ्या देबोरा राजी यांनीं बुओलाम्विनीबाईंसह तीच परीक्षा पुन्हां घेतली. सांवळ्या स्त्रियांबाबत मायक्रोसॉफ्टची चूक शेंकडा २०.८ वरून १.५२ वर आली होती, आय.बी.एम.ची ३४.७ वरून सुमारें १७ वर. जें अशक्य म्हणून सांगितलें जातें, तें चव्हाट्यावर आल्यावर किती लवकर शक्य होतें तें पाहावें. या खेपेस प्रथमच तपासलेल्या ॲमेझॉनच्या यंत्राची चूक मात्र शेंकडा ३१ हून अधिक आढळली. कंपनीनें परीक्षेच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. तेव्हां योशुआ बेंजिओ यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांनीं सहीनिशीं पत्र काढून या दोघींची बाजू उचलून धरली. जून २०२० मध्यें आय.बी.एम.नें चेहरे ओळखण्याचा हा सर्वसाधारण व्यवसाय सोडला, आणि ॲमेझॉननें पोलिसांस हें यंत्र वापरूं देणें एक वर्षापुरतें थांबविलें. पुढें ती बंदी मुदतीवांचून वाढविली. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनें त्या वेळीं अमेरिका पेटली होती, म्हणून सारें श्रेय या निबंधांसच देणें बरोबर होणार नाहीं.

येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं, यंत्र स्त्रियांस अचूक ओळखूं लागलें म्हणजे काम झालें काय? मुळींच नाहीं. अचूक यंत्रानेंही निरपराध माणसावर पाळत ठेवतां येते. बुओलाम्विनीबाईंनीं मे २०१९ मध्यें अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेच्या समितीपुढें साक्ष देतांना सुधारणेवर समाधान न मानतां असा वापर तूर्त थांबवावा असाच आग्रह धरला.

आमच्या मुलांस छायाचित्रांचा असा संग्रह करणें जमणार नाहीं. पण मराठी भाषेनें त्यांच्या हातीं एक सोपी कसोटी दिली आहे. डॉक्टर आल्याचें इंग्रजी वाक्य डॉक्टर पुरुष कीं स्त्री हें सांगत नाहीं. मराठी क्रियापद मात्र तें बोलल्यावांचून राहत नाहीं: आला, आली, आले, आल्या. तेव्हां भाषांतर करणाऱ्या यंत्रास निवड करावीच लागते, आणि ती तें आपल्या कित्त्यावरून करतें. तुर्की भाषेंत "तो" व "ती" यांस एकच सर्वनाम आहे. त्या भाषेंतील डॉक्टरविषयींच्या वाक्याचें इंग्रजी गूगलचें यंत्र पूर्वीं एकाच लिंगांत देई. डिसेंबर २०१८ मध्यें तें दोन्ही रूपें देऊं लागलें.

ज्यांस हौस असेल त्यांनीं एक वही करावी. परिचारिका, न्यायाधीश, वैमानिक, स्वयंपाकी, प्राचार्य, शिंपी अशा चाळीस धंद्यांचीं इंग्रजी वाक्यें घ्यावींत. वाक्य तेंच ठेवून धंद्याचा शब्द तेवढा बदलावा. यंत्र कोणतें व तारीख कोणती तें समासांत लिहावें. नोंद करणारांत मुलगे व मुली दोन्ही असावीं. "आले" हें रूप आलें तर त्याचा रकाना निराळा ठेवावा, त्याबद्दल वाद होईल. वही भरली म्हणजे आम्हांकडे आणावी. कोष्टक करण्यास गणिताचा एक तास आम्ही देऊं.