हातोड्याचा आवाज आणि गमावलेले कान

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व १७१३ मध्ये वाढवलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात, दिवसभर तांबे ठोकणारे व्हेनिसचे तांबट उतारवयात पूर्ण बहिरे होतात, असे नोंदवले आहे. तरीही हे बहिरेपण पुढे दीर्घकाळ धंद्याचा अटळ भोग मानले गेले. १८८६ मध्ये ग्लासगोचे कर्णतज्ज्ञ टॉमस बार यांनी बॉयलर बांधणाऱ्या १०० कामगारांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती निकोप आढळली नाही. बॉयलरच्या पोलादी पिंपात बसून बाहेरून ठोकल्या जाणाऱ्या रिव्हेटला, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याला, आधार देणाऱ्यांवर तर आवाजाचा आघात सर्वांत जवळून होई.

या हानीचे मूळ अंतःकर्णातील शंखाकृती भागात असते: तेथील केशपेशी, म्हणजे ध्वनिकंपनांचे चेतासंदेशांत रूपांतर करणाऱ्या पेशी, एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि म्हणूनच प्रतिबंधाला पर्याय नाही. डेसिबल हे ध्वनितीव्रतेचे एकक गुणोत्तरी असल्याने ३ डेसिबलची वाढ किरकोळ भासली, तरी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेत १९८३ च्या दुरुस्तीने आठ तासांची सरासरी ८५ डेसिबलवर गेल्यास कामगारांची नियमित श्रवणचाचणी बंधनकारक झाली. मात्र कानात बोळे घालण्याआधी यंत्राचाच आवाज कमी करणे, हाच खरा उपाय होय. भारतात गोंगाटजन्य बहिरेपणाचा समावेश कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, अर्थात शासनाला कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांत, झाला होता.