कपाटात ठेवण्याची ही वाइन नव्हे

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात १९८५च्या हंगामापासून ‘मेरिलिन मर्लो’ नावाची लाल वाइन तयार होते. दरवर्षी तिच्या लेबलावर मेरिलिन मन्रोचं नवं छायाचित्र येतं आणि सुरुवातीच्या वर्षांच्या बाटल्यांसाठी संग्राहक मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. त्याच उत्पादकांनी पुढे ‘सॉव्हिन्यॉन ब्लाँड’ ही पांढरी वाइनही आणली. ती सॉव्हिन्यॉन ब्लाँ या द्राक्षाची, आणि फोटो पुन्हा मेरिलिनचाच. प्रसिद्ध चेहरा लेबलावर छापण्यात मला काही गैर वाटत नाही. अडचण निराळी आहे. असं लेबल पाहणाऱ्याला बाटली जपून ठेवावीशी वाटते, आणि आतली ही पांढरी वाइन मात्र ताजी असतानाच पिण्यासाठी केलेली असते.

सॉव्हिन्यॉन ब्लाँची सगळी मजा तिच्या तरतरीत आंबटपणात आणि वासात आहे. कैरीची फोड चावल्यावर तोंडाला पाणी सुटावं तसा तो आंबटपणा. तो टिकावा म्हणून द्राक्षं फार गोड होण्याआधी खुडतात, रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात आणि तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर सहसा होऊ देत नाहीत. पॅशनफ्रूट आणि पपनसासारखा तिचा वास गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. त्यांतली सर्वांत सुगंधी संयुगं बाटलीत वर्ष-दोन वर्षांतच तुटू लागतात. हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास देणारी संयुगं मात्र बराच काळ टिकतात. म्हणून जुन्या बाटलीतून फळांचा वास गेलेला असतो आणि उकडलेल्या भाजीचा तेवढा उरतो. फिरकीच्या झाकणाने हवा कमी शिरते, पण संयुगांची ही मोडतोड हवेशिवायही चालूच राहते.

यावर कोणी फ्रान्सच्या शातो मुतों रोथशिल्डचा दाखला देईल. १९४५पासून तिथे जवळपास दरवर्षी नव्या चित्रकाराचं चित्र लेबलावर येतं, १९७३च्या लेबलावर तर पिकासोचं आहे, आणि लोक त्या बाटल्या अनेक दशकं सांभाळतात. दाखला खरा आहे, पण ती प्रामुख्याने काबर्ने सॉव्हिन्यॉनची लाल वाइन. सालीतून उतरलेल्या टॅनिनमुळे तिला वय मानवतं. बोर्दोच्या काही पांढऱ्या वाइनही चांगल्या मुरतात हे मान्य; त्यांत बहुधा सेमियों द्राक्ष मिसळलेलं असतं आणि त्या ओकच्या पिंपात घडतात. लेबलासाठीच बाटली हवी असणाऱ्याने ती खुशाल ठेवावी. फक्त वर्षांगणिक आतली वाइनही सुधारते आहे, असा समज करून घेऊ नये.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट: प्रसिद्ध नाव दिसलं की आत सुमार माल असणारच. हाही सरसकट खरा नाही. ब्रिटिश टीव्हीवर गाजलेला आयरिश सूत्रसंचालक ग्रॅहम नॉर्टन याच्या नावाने न्यूझीलंडची इन्व्हिवो कंपनी २०१४पासून सॉव्हिन्यॉन ब्लाँ काढते आणि नमुने चाखून मिश्रण ठरवण्यात तो स्वतः भाग घेतो. १९६२मध्ये निधन पावलेल्या मेरिलिनला ते शक्य नाही, एवढा फरक या दोन लेबलांत आहेच. तरीही नावाचा प्रभाव आपल्या जिभेवर पडतो, याचं भान हवं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली गेली, तेव्हा महाग म्हणून सांगितलेली लोकांना अधिक आवडली. किमतीचा आकडा जे करतो ते लाडक्या नटीचा चेहराही करत असणार, असं मला वाटतं.

तेव्हा चेहरा पाहून झाल्यावर लेबलावरचा बाकीचा मजकूर वाचावा. अमेरिकेत द्राक्षाचं नाव छापायचं तर किमान ७५ टक्के वाइन त्या द्राक्षाची असावी लागते. नापासारख्या खोऱ्याचं नाव छापायला ८५ टक्के द्राक्षं तिथली लागतात. हा मजकूर कायद्याने बांधलेला आहे, फोटो नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हंगामाचं वर्ष. नाशिकमध्येही सॉव्हिन्यॉन ब्लाँ दोन दशकांहून अधिक काळ बनते आहे, तिलाही हाच हिशेब लागू. वर्ष दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर दुकानदाराकडे अलीकडची बाटली मागा, आणि घरी आणलेली बाटली थंड करून त्याच वर्षी उघडा.