घरातील रोपे आणि कृत्रिम प्रकाश: गैरसमज व वस्तुस्थिती

सज्जा नसलेल्या किंवा शेजारच्या इमारतीमुळे ऊन अडलेल्या सदनिकांमध्ये तुळस, पुदिना, कोथिंबीर, मेथी दिव्याखाली वाढवण्याकडे अलीकडे कल दिसतो आणि त्यासाठीचे एलईडी दिवेही आता सहज मिळतात. मात्र ते निवडताना ज्या समजुतींचा आधार घेतला जातो, त्यांपैकी बहुतेक माणसाच्या डोळ्याला प्रमाण मानण्यातून आलेल्या आहेत. ज्या खोलीत वर्तमानपत्र विनासायास वाचता येते तिथे रोपालाही पुरेसा उजेड मिळत असणार, ही त्यांतली सर्वांत रूढ समजूत होय. डोळ्याची बाहुली उजेडाप्रमाणे लहानमोठी होते आणि दृष्टिपटलही जुळवून घेते, त्यामुळे शेकडो पटींचा फरक माणसाला किरकोळ वाटतो. ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात साधारण १५० ते ३०० लक्स, तर निरभ्र दुपारी अंगणात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. लक्स म्हणजे मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेनुसार मोजलेली पृष्ठभागावरील प्रदीप्ती.

प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात आणि तो उजळपणात न मोजता फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, किती पडले यावरून मोजला जातो. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, हे त्याचे एकक. भर उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो, तर पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सला सुमारे ७० ने भागले असता ढोबळ अंदाज मिळतो. म्हणजे ३०० लक्सच्या दिवाणखान्यात पानाच्या वाट्याला जेमतेम ४ मायक्रोमोल येतात. आता पान अन्न तयार करते तसे श्वसनात ते खर्चही करते, आणि ज्या प्रकाशात ही मिळकत व खर्च समसमान होतात त्याला प्रकाशाचा समतोल बिंदू म्हणतात. उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींत तो साधारण १० ते २०, तर सावलीत वाढणाऱ्यांत १ ते ५ मायक्रोमोल असतो. मनीप्लांट दिवाणखान्यात वर्षानुवर्षे तग धरतो आणि तुळस मात्र महिन्या-दोन महिन्यांत मान टाकते, याचे मुख्य कारण या दोन आकड्यांमधील अंतरात आहे.

उपाशी रोपाची लक्षणे अनेकदा भलतीच समजली जातात. अंधाऱ्या खिडकीत पेरलेल्या मेथीचे मोड चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिले तर दांडी बोटभर लांब, पांढुरकी व दोऱ्यासारखी बारीक झालेली असते, दलपत्रे लहान व फिकट राहतात आणि सगळा ताटवा काचेकडे झुकलेला असतो. या उंचीलाच कित्येकदा जोमदार वाढ मानले जाते, वस्तुतः मेथी प्रकाशाच्या शोधात बियाण्यातला साठा संपवत चाललेली असते. तुळशीची पेरे लांबू लागली व खालची पाने पिवळी पडून गळू लागली की खत वाढवले जाते, पाणीही जास्त घातले जाते, आणि ज्या रोपाला तेवढे पाणी वापरण्याइतका प्रकाशच नाही त्याची मुळे कुंडीत कुजतात. घरातली कितीतरी रोपे अशी काळजीपोटीच दगावतात, म्हणून ही चूक इतर चुकांहून अधिक क्लेशदायक आहे.

दिव्याच्या खोक्यावरील वॅटचा आकडा मोठा म्हणजे रोपासाठी दिवा चांगला, हा दुसरा गैरसमज. वॅट हे दिवा किती वीज घेतो याचे माप आहे, तो किती प्रकाश देतो याचे नव्हे. जुना तारेचा बल्ब घेतलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवतो, तर उत्तम प्रतीचा एलईडी प्रत्येक ज्यूल विजेमागे अडीच ते तीन मायक्रोमोल फोटॉन देतो. लुमेनचा आकडा वॅटहून उपयोगी असला तरी तोही ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक वजन देणारा, अर्थात डोळ्यासाठीच बांधलेला आहे. दिव्याचे अंतर तर बहुधा विचारातच घेतले जात नाही. लहान बल्ब दुप्पट उंचीवर टांगला तर पानावरचा प्रकाश सुमारे चौथ्या भागावर येतो, लांब नळीच्या किंवा पसरट पट्टीच्या बाबतीत ही घट तितकी तीव्र नसते. तरीही छताला लावलेला दिवा कितीही महाग असला तरी जमिनीवरील कुंडीच्या फारसा कामी येत नाही.

जांभळट-गुलाबी दिव्याशिवाय रोपे वाढत नाहीत, या समजुतीला अर्धवट विज्ञानाचा आधार आहे. विलग केलेले हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश अधिक शोषते हे खरे, परंतु अखंड पानात हिरवा प्रकाश पेशींमध्ये वारंवार परावर्तित होत खोलवर जातो आणि त्याचाही बराच मोठा भाग शोषला जातो. कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर केलेल्या व १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून हिरव्या प्रकाशाचा हा वाटा स्पष्ट झाला. पांढरा एलईडी मुळात निळाच असून त्यावरील स्फुरदीप्त लेपामुळे त्याच्या प्रकाशात हिरवा, पिवळा व लाल भाग मिसळतो, म्हणून साधा पांढरा दिवाही पुरेसा प्रखर व जवळ असल्यास रोपे नीट वाढवतो. जांभळट प्रकाशात पाने काळपट दिसतात आणि मावा, पिवळेपणा किंवा बुरशीचे ठिपके लवकर लक्षात येत नाहीत, ही अडचण घरगुती बागेत मुळीच लहान नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये बसवलेल्या ‘व्हेजी’ या रोपकक्षात लाल व निळ्यासोबत हिरवे दिवेही ठेवले आहेत, ते भाजी अंतराळवीरांना स्वाभाविक रंगात दिसावी म्हणून.

प्रकाशाचे प्रमाण एवढाच प्रश्न असता तर दिवा जितका जास्त वेळ चालू तितके बरे, हे म्हणणे बरोबर ठरले असते. परंतु रात्रीची लांबी हा वनस्पतीसाठी स्वतंत्र संकेत आहे. पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास जपानी हॉप व भांगेच्या रोपांवर प्रयोग करताना लवकर येणाऱ्या फुलांचा संबंध रात्र लांबण्याशी जोडला. पुढे अमेरिकी कृषी खात्यातील गार्नर व अॅलर्ड यांनी उन्हाळाभर न फुलणारी तंबाखूची एक जात दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवून फुलवली आणि १९२० मध्ये दिनमानाचा हा परिणाम सविस्तर मांडला. १९३८ मध्ये हॅमनर व बॉनर यांनी ज्याची काटेरी फळे कपड्यांना चिकटतात त्या शंकेश्वर या तणावर लांब रात्रीत मध्येच अल्पकाळ उजेड पाडला असता फुले येणेच थांबते, असे दाखवले. पानातील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल व ७३० च्या आसपासचा अतिलाल प्रकाश ओळखते आणि त्यावरून रात्रीच्या लांबीचा हा हिशेब चालतो.

शेवंती ही लांब रात्रीत फुलणारी वनस्पती आहे. म्हणूनच हरितगृहात फुले लांबवायची असतील तेव्हा शेतकरी रात्री दिवे लावतात आणि म्हणूनच रस्त्यावरील दिव्याच्या झोतात ठेवलेली घरची शेवंती कळ्या धरायला उशीर करते. शेपूचे उलट आहे. सोळा तासांच्या कृत्रिम दिवसात तो भाजी पुरती भरण्याआधीच फुलोऱ्यावर जाऊ शकतो. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिल्यास त्याची पाने पिवळी पडून इजा होते, ही गोष्ट फार पूर्वीपासून ज्ञात आहे.

पालेभाजीसाठी दिवसाकाठी एका चौरस मीटरवर साधारण १२ ते १७ मोल फोटॉन मिळावेत असे धरतात, आणि पानांच्या उंचीवर २०० मायक्रोमोल, म्हणजे पांढऱ्या एलईडीखाली सुमारे १४,००० लक्स, सोळा तास मिळाल्यास त्यांची बेरीज ११.५ मोल, म्हणजे या खालच्या मर्यादेच्या जवळपास, होते. मोबाइलमधील लक्समापक ॲप अचूक नसले तरी ३०० आणि १४,००० यांतील फरक ते निश्चित दाखवते, तेव्हा फोन पानांच्या पातळीवर दिव्याकडे तोंड करून धरावा. ३० वॅटची पट्टी रोज चौदा तास लावल्यास महिन्याला १२.६ युनिट वीज लागते. तिची उंची साखळीने कमी-जास्त करता येईल अशी टांगणी केली आणि सोबत वेळ ठरवून चालू-बंद होणारा टायमर जोडला, तर रोप वाढेल तसा दिवा वर घेता येतो व रात्रही रोज सारख्याच लांबीची राहते.